मॅडमची परीक्षा कोण घेणार?

नर्सिंगच्या विद्यार्थ्याची वॉर्डात पावलोपावली परीक्षा होते. पण त्याला तिथे शिकवणाऱ्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टरचं काम कशावर जोखायचं, हे बऱ्याच ठिकाणी कुणी लिहूनच ठेवलेलं नसतं. ते लिहून ठेवलं तर फायदा तुमचा आहे, पेशंटचा आहे आणि मॅडमचाही आहे.

एक कबुली देऊन सुरुवात करते. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असताना मी एका आजींच्या चार्टवर बीपी १२०/८० असं लिहिलं होतं. मोजलेलं नव्हतं. म्हणजे कफ बांधला होता, स्टेथोस्कोप कानात होता, पारा वर चढवून खालीही आणला होता. पण मला काही ऐकूच आलं नाही. परत एकदा केलं, तरी नाही. मेडिसिन वॉर्ड, सकाळचे साडेआठ, शेजारच्या बेडवर नातेवाइकांचा गलका. आमच्या मॅडम चार बेड पलीकडे उभ्या होत्या. आदल्याच दिवशी त्यांनी माझ्या मैत्रिणीला ‘एवढंही येत नाही तर इथे कशाला आलीस?’ असं अख्ख्या वॉर्डासमोर सुनावलं होतं. मी एकदा मॅडमकडे बघितलं, पेन काढलं आणि आकडा लिहून मोकळी झाले.

तासाभराने राउंडच्या आधी इन्चार्ज सिस्टरांनी आजींचं बीपी स्वतः घेतलं. १७८/१०४. सिस्टर काही न बोलता माझ्याकडे बघत राहिल्या. मग मला बाजूला नेलं, कफ माझ्याच दंडाला बांधला आणि आवाज कुठे सुरू होतो, कुठे थांबतो, हे दहा मिनिटांत शिकवलं. आजींना काही झालं नाही. डॉक्टरांनी औषध बदललं. पण त्या वाचल्या त्या सिस्टरांच्या सवयीमुळे. माझ्या चार्टच्या भरवशावर राहिल्या असत्या तर काय झालं असतं, हा विचार आजही नको वाटतो.

चूक माझी होती, त्यात वादच नाही. मोजलं नाही तर लिहायचं नाही, हा नर्सिंगचा पहिला धडा. पण पुढे मी स्वतः क्लिनिकल इन्स्ट्रक्टर झाले, तेव्हा दुसरा एक प्रश्न डोक्यात बसला. त्या दिवशी वॉर्डात मॅडमचं काम नेमकं काय होतं? आणि ते त्यांनी केलं की नाही, हे कुणी कधी तपासलं होतं का?

सीआय म्हणजे कोण?

तुम्ही नर्सिंगला नसाल तर आधी थोडी ओळख करून घेऊ. नर्सिंगच्या मुलामुलींचं अर्धं कॉलेज हॉस्पिटलात असतं. सकाळी युनिफॉर्म घालून, खिशात थर्मामीटर, कात्री आणि छोटी डायरी घेऊन ती पोस्टिंगला जातात. वॉर्डातल्या सिस्टर आणि ब्रदर हॉस्पिटलच्या नोकरीत असतात. त्यांचं पहिलं काम पेशंट. विद्यार्थ्यांना शिकवायला कॉलेजकडून जी व्यक्ती सोबत येते ती क्लिनिकल इन्स्ट्रक्टर, सगळ्यांच्या तोंडी ‘सीआय’. कोणत्या विद्यार्थ्याला कोणता पेशंट द्यायचा, कोणती प्रोसीजर करू द्यायची, कुणाच्या हातात इंजेक्शन द्यायचं आणि कुणाला अजून आठवडाभर नुसतं बघायला लावायचं, हे सीआय ठरवते. केअर प्लॅन तीच तपासते, लॉगबुकवर सही तीच करते, इंटर्नल मार्कही बहुतेकदा तिच्याच हातात असतात.

गंमत म्हणजे वॉर्डात ती एका अर्थाने पाहुणी असते. वॉर्ड इन्चार्ज सिस्टरांचा, विद्यार्थी सीआयचे. दोघींचं जमलं तर मुलं शिकतात. नाही जमलं तर मुलं लिनन मोजत बसतात, नाहीतर रिपोर्ट आणायला लॅबच्या चकरा मारतात.

केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला ब्युरेट फुटली तर दंड भरून सुटता येतं. इथे शिकायचं असतं ते जिवंत माणसावर, तेही आजारी माणसावर. म्हणूनच या शिकवणाऱ्याचं काम कसं जोखायचं, हा प्रश्न फक्त स्टाफरूममधला नाही.

नियमात काय आहे, काय नाही

नियम नाहीत असं अजिबात नाही. आपल्याकडे नर्सिंग शिक्षणाचे नियम इंडियन नर्सिंग कौन्सिल ठरवत आली. १९४७च्या कायद्याने ही संस्था उभी राहिली. बीएस्सी नर्सिंगला दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा, असं तिचं प्रमाण आहे. वॉर्डात एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट हवेत. ट्युटर किंवा क्लिनिकल इन्स्ट्रक्टर व्हायला एमएस्सी नर्सिंग असेल तर उत्तम, नाहीतर बीएस्सी किंवा पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग आणि एक वर्षाचा अनुभव हवा.

म्हणजे कोण सीआय होऊ शकतं आणि किती हवेत, हे स्पष्ट आहे. इन्स्पेक्शनला टीम आली की हेच बघितलं जातं: किती जणींची नेमणूक झाली, डिग्री काय, रजिस्ट्रेशन आहे का. पण सकाळी साडेसात ते दुपारी दीड या वेळात सीआयने चांगलं काम केलं म्हणजे नक्की काय केलं, हे या आकड्यांतून कळत नाही. ते ज्या त्या कॉलेजवर, बऱ्याचदा ज्या त्या मॅडमच्या स्वभावावर सोडलेलं असतं. म्हणून एकाच कॉलेजात एका बॅचला ‘मॅडम देवमाणूस’ आणि दुसऱ्या बॅचला ‘मॅडम दिसल्या की हात थरथरतात’ असा अनुभव येतो.

तुमच्या बाबतीत मात्र सगळं मोजून-मापून चालतं. २०२१ पासून बीएस्सी नर्सिंगला आठ सेमिस्टरचा नवा अभ्यासक्रम आला. प्रॅक्टिकलमध्ये ओएसपीई आणि प्रत्यक्ष बघून मार्क देण्याची डीओपी पद्धत आली. ओएसपीईची मूळ कल्पना स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५मध्ये ओएससीई या नावाने मांडली. टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलावर एक काम, प्रत्येकाला वेळ तितकाच आणि परीक्षकाच्या हातात सगळ्यांसाठी एकच चेकलिस्ट. हात धुतले? पेशंटचं नाव विचारलं? औषध, डोस, वेळ, मार्ग तपासला? हो की नाही. परीक्षकाच्या मूडवर मार्क अवलंबून राहू नयेत, हा त्यामागचा विचार.

मग हाच न्याय शिकवणाऱ्याला का नको?

प्रश्न १८६० इतका जुना

लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये १८६० साली नाइटिंगेल ट्रेनिंग स्कूल सुरू झालं. आधुनिक नर्सिंग शिक्षणाची सुरुवात बहुतेक पुस्तकं इथूनच सांगतात. तिथे शिकाऊ मुलींची दर महिन्याला नोंद व्हायची. मेट्रन वॉर्डरोपर बाईंच्या तक्त्यात प्रत्येकीची वेळशीरता, स्वच्छता, वागणूक, ड्रेसिंगचं कौशल्य अशा गोष्टींची नोंद असे. शिकवायचं काम मुख्यतः वॉर्डातल्या सिस्टरांकडे होतं. त्या किती आणि कसं शिकवतात, याचा असा तक्ता नव्हता. दहाएक वर्षांनी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी स्वतः बारकाईने लक्ष घातलं, तेव्हा कागदावर ठरलेलं शिकवणं प्रत्यक्षात नीट होत नसल्याचं त्यांच्या लक्षात आलं.

शिकणाऱ्याला मोजायचं आणि शिकवणाऱ्याला गृहीत धरायचं, ही सवय इतकी जुनी आहे.

ती मोडायचे प्रयत्नही झाले. कॅनडातल्या ज्युडिथ मोगन आणि जॅनेट नॉक्स या दोघींनी १९८५मध्ये क्लिनिकल शिक्षकांचं काम तपासण्याची एक प्रश्नावली मांडली. त्यात पाच गोष्टी होत्या: शिकवण्याची हातोटी, स्वतःचं नर्सिंगमधलं कौशल्य, मूल्यमापन, विद्यार्थ्यांशी नातं आणि स्वभाव. यातली दुसरी गोष्ट लक्षात घ्या. सीआयला स्वतःला नर्सिंग उत्तम आलं पाहिजे. नुसत्या पीपीटी वाचून वॉर्डात शिकवता येत नाही. पुढे याच दोघींनी सर्वांत चांगले आणि सर्वांत वाईट क्लिनिकल शिक्षक यांची तुलना केली. तेव्हा चांगल्या शिक्षकाची ठळक खूण म्हणून पुढे आलं ते त्याचं स्वतःचं उदाहरण. मुलं मॅडमचं ऐकतात त्याहून जास्त त्यांना बघतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६मध्ये नर्सिंग शिक्षकांना काय काय यायला हवं, याची आठ भागांची चौकट प्रसिद्ध केली. अमेरिकेत नॅशनल लीग फॉर नर्सिंगने २०१८पासून क्लिनिकल शिक्षकांसाठी वेगळी सर्टिफिकेशन परीक्षा सुरू केली. म्हणजे ‘वॉर्डात शिकवणं’ हे वर्गात शिकवण्याचं धाकटं भावंडं नाही, ते वेगळं कौशल्य आहे, हे तिथे मान्य झालं.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो ब्रिटनचा २०१८चा बदल. तिथे आधी ‘मेंटर’ नावाची एकच व्यक्ती विद्यार्थ्याला शिकवायची आणि तीच पास-नापास ठरवायची. नव्या नियमांनी ही दोन कामं तोडली. रोज शेजारी उभं राहून शिकवणारी एक व्यक्ती आणि शेवटी मूल्यमापन करणारी दुसरी. विचार करा, माझ्या पहिल्या वर्षाला असं असतं तर? ‘मॅडम, ऐकू येत नाहीये’ असं ज्यांना सांगायचं त्याच माझे मार्क कापणार नसत्या, तर मी १२०/८० लिहिलं असतं का?

‘चांगलं शिकवा’ हा निकष नाही

बऱ्याच कॉलेजात सीआयच्या मूल्यमापनाचा फॉर्म असतोच. त्यावर ‘विषयाचं ज्ञान’, ‘शिकवण्याची तळमळ’, ‘शिस्त’ अशी खाती असतात आणि पुढे उत्तम, बरे, साधारण. तळमळ बरे म्हणजे काय? दोन वेगवेगळ्या माणसांनी बघितलं आणि दोघांचं उत्तर एकच आलं, तर तो निकष. नाहीतर ते मत.

निकष कसा दिसतो, हे सांगण्यासाठी माझ्या अनुभवातून काही नमुने देते.

पहिला: पोस्टिंगच्या दिवशी पहिल्या अर्ध्या तासात प्रत्येक विद्यार्थ्याला त्याचा पेशंट आणि त्या दिवशी काय शिकायचं, हे माहीत असलं पाहिजे. त्यासाठी सीआयने इन्चार्ज सिस्टरांशी आधी बोललेलं असायला हवं.

दुसरा: कोणतीही प्रोसीजर विद्यार्थी पहिल्यांदा पेशंटवर करणार असेल, तर ती त्याने लॅबमध्ये मॅनिकिनवर करून दाखवलेली असली पाहिजे आणि पेशंटपाशी सीआय किंवा तिने नेमलेली सिस्टर शेजारी हजर असली पाहिजे.

तिसरा: पेशंटला धोका होईल अशी चूक दिसली तर तिथेच थांबवायचं, शांतपणे, आणि प्रोसीजर स्वतःच्या हातात घ्यायची. बाकीची चर्चा बेडपासून लांब आणि त्याच दिवशी. पेशंट किंवा नातेवाइकांसमोर अपमान नाही.

चौथा: केअर प्लॅन ठरलेल्या दिवसांत परत मिळाला पाहिजे, आणि नुसत्या टिकमार्कसह नाही. काय बरोबर, काय सुधारायचं, हे किमान दोन ओळीत लिहून.

पाचवा: ड्युटी संपताना पंधरा-वीस मिनिटं सगळ्यांना एकत्र बसवून आज काय शिकलो, कुठे अडलो, याची चर्चा.

सहावा: ज्या चेकलिस्टवर विद्यार्थ्याला मार्क मिळणार, ती त्याला आधीच दिलेली असली पाहिजे आणि सगळ्या बॅचला एकच असली पाहिजे.

सातवा: सीआयने वर्षातून एकदा स्वतःची मूलभूत कौशल्यं दुसऱ्यासमोर करून दाखवायची. सीपीआर, ऑक्सिजन देणं, कॅथेटर, औषधाचं कॅल्क्युलेशन. आपण शिकलो तेव्हाचं ज्ञान आणि आजची पद्धत यात फरक पडलेला असू शकतो.

आता मुद्दा असा, की हे सगळे निकष एका वजनाचे नाहीत. दुसरा आणि तिसरा निकष पेशंटच्या जिवाशी जोडलेला आहे. तिथे ‘दहापैकी आठ वेळा’ चालत नाही, दर वेळी पाळलाच पाहिजे. पाचव्यात एखादा दिवस चुकला तर समजून घेता येतं. इमर्जन्सी येते, वॉर्डात धावपळ असते. म्हणून निकष ठरवताना दोन याद्या हव्यात. एक ‘कधीच सूट नाही’ची आणि एक ‘बहुतेक वेळा’ची. त्या कुणी एकाने केबिनमध्ये बसून लिहू नयेत. प्राचार्य, सीआय, वॉर्डातल्या सिस्टर आणि विद्यार्थी, चौघांनी एकत्र बसून ठरवल्या तरच त्या पाळल्या जातात.

मॅडमची बाजूही ऐका

इथपर्यंत वाचून तुमच्यातले काही जण मनातल्या मनात एखाद्या मॅडमचा हिशेब मांडायला लागले असतील. थोडं थांबा. मी सात वर्षं सीआय होते, त्यामुळे दुसरी बाजूही सांगते.

साधं गणित करा. दहा विद्यार्थी, प्रत्येकाकडे तीन पेशंट, म्हणजे तीस पेशंट. सहा तासांच्या ड्युटीत ३६० मिनिटं. एकाही मिनिटाची उसंत न घेता वाटली तरी एका विद्यार्थ्याच्या वाट्याला ३६ मिनिटं. हे सगळे एका वॉर्डात असतील तर. माझे विद्यार्थी कधी तीन वॉर्डांत, दोन मजल्यांवर विखुरलेले असायचे. एकीचं इंजेक्शन बघायला वर गेले, की खालच्या वॉर्डातून मावशी निरोप घेऊन यायच्या, ‘मॅडम, तुमच्या पोरीला चक्कर आली.’ दुपारी कॉलेजला परत जाऊन लेक्चर. त्यानंतर इन्स्पेक्शनच्या फायली.

दहा केअर प्लॅन, प्रत्येकाला पंधरा मिनिटं, म्हणजे अडीच तास. टाइमटेबलमध्ये हे अडीच तास कुठेच नसतात. मग केअर प्लॅन रात्री घरी स्वयंपाक झाल्यावर तपासले जातात आणि पहाटेपर्यंत टिकमार्कशिवाय काही सुचत नाही. त्यामुळे कॉलेजने सीआयसाठी निकष ठरवायचे, तर त्याच कागदावर सीआयला काय मिळणार, हेही लिहिलं पाहिजे. किती विद्यार्थी, किती वॉर्ड, तपासणीला किती वेळ. हे न लिहिता नुसते निकष लावले, तर ती आणखी एक फाइल होईल. सीआय खोटे रकाने भरेल, जसा मी १२०/८० भरला होता. भीतीने आणि वेळेच्या कमतरतेने माणसं कागदावर काय करतात, हे मला चांगलं माहीत आहे.

अजून एक गोष्ट. बीएस्सी झाल्यावर वर्षभर अनुभव घेऊन आलेली तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी सीआय होते. तिला नर्सिंग येतं. शिकवायचं कसं, चूक कशी सांगायची, हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. तिला जसं ओरडलं गेलं, तशीच ती ओरडते. तिच्यासाठी लिहिलेला निकष म्हणजे छडी नव्हे. ‘तुझ्याकडून हे अपेक्षित आहे’ असं पहिल्या दिवशी कुणीतरी सांगणं, ही मदतच असते.

मी सीआय झाले तेव्हा दर नव्या बॅचला पहिल्या दिवशी एक वाक्य सांगायचे: ‘ऐकू आलं नाही तर तसं सांगायचं, त्याचे मार्क कापणार नाही, न मोजता लिहिलं तर मात्र सोडणार नाही.’ पहिल्याच बॅचला दहापैकी सहा जणांनी पहिल्या दोन दिवसांत ‘मॅडम, ऐकू येत नाही’ म्हणून सांगितलं. सहा! आधीच्या वर्षांतले असे सहा जण काय लिहीत असतील?

मोजणार कोण?

विद्यार्थ्यांचा फीडबॅक हवाच. पण त्यातही गोम आहे. आठ जणांच्या बॅचमध्ये नाव न लिहिता फॉर्म भरला तरी अक्षरावरून, नाहीतर सांगितलेल्या प्रसंगावरून, कोण ते मॅडमला बरोबर कळतं. मग सगळे ‘उत्तम’वर टिक करतात. उलट बाजूही आहे. शिस्तीच्या मॅडमना कमी मार्क आणि लवकर सोडणाऱ्यांना जास्त, असंही होतं.

यावर उपाय आहेत. फीडबॅक इंटर्नल मार्क जमा झाल्यावर घ्यायचा. एका बॅचचा सुटा न देता दोन-तीन बॅचचा एकत्र करून सीआयला दाखवायचा. आणि प्रश्न आवडीचे विचारायचे नाहीत, घडलेल्या गोष्टींचे विचारायचे. ‘मॅडम कशा वाटतात?’ हा प्रश्न निरुपयोगी. ‘या पोस्टिंगमध्ये तुमच्या पहिल्या कॅथेटरायझेशनला शेजारी कोण होतं?’ हा कामाचा. याचं उत्तर आवड-नावड बघून बदलत नाही.

त्याला जोड हवी वॉर्डातल्या इन्चार्ज सिस्टरांच्या मताची, दुसऱ्या सीआयने एखादा दिवस सोबत राहून केलेल्या निरीक्षणाची आणि सीआयने स्वतः लिहिलेल्या आढाव्याची. चारही ठिकाणी एकच गोष्ट दिसली तर ती खरी मानायची. एखाद्याच ठिकाणी दिसली तर आधी चौकशी करायची.

ही चर्चा आत्ता करायला एक कारणही आहे. २०२३मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूती परिचर्या आयोगाचा कायदा केला. १९४७च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा हा कायदा आहे आणि त्यात संस्थांचं मूल्यांकन आणि रेटिंग करण्यासाठी स्वतंत्र बोर्डाची तरतूद आहे. उद्या कॉलेजला रेटिंग देताना नुसत्या खोल्या, बेड आणि डिग्र्या मोजायच्या, की वॉर्डात शिकवणं होतं का, हेही बघायचं? या प्रश्नावर विद्यार्थ्यांनी बोललं पाहिजे. वॉर्डात रोज उभे तुम्हीच असता.

तुम्ही काय करू शकता?

पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी सीआयकडे चेकलिस्ट मागा. उद्धटपणे नको, सरळ विचारा, ‘मॅडम, आमचं मूल्यमापन कशावर होणार?’ चांगल्या मॅडमना हा प्रश्न आवडतो.

जी प्रोसीजर पहिल्यांदा करणार आहात, ती एकट्याने करू नका. ‘मॅडम, मी हे पहिल्यांदाच करतेय, शेजारी थांबाल का?’ एवढं वाक्य पुरतं. मॅडम दुसऱ्या वॉर्डात असतील तर सिस्टरांना विचारा. कुणीच मोकळं नसेल आणि घाई नसेल, तर थांबा.

लॉगबुकचं मात्र स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवा. पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी कॅन्टीनमध्ये बसून सगळ्या पानांवर एकदम सह्या घेतल्या जातात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. न केलेल्या प्रोसीजरवर सही घेतली, की सीआयचं न केलेलं काम तुम्हीच झाकता. पुढे स्टाफ नर्स म्हणून नाइट ड्युटीला एकटे असाल, तेव्हा लॉगबुकमधली सही तुमच्या मदतीला येणार नाही.

फीडबॅक फॉर्म भरताना ‘छान’ आणि ‘वाईट’ टाळा. काय घडलं ते लिहा. चांगलं घडलं तेही लिहा. कुणा मॅडमने चूक बाजूला नेऊन सांगितली असेल, तर ते कॉलेजला कळू द्या. कॉलेजात स्टुडंट नर्सेस असोसिएशनचं युनिट असेल तर तिथे फ्रेशर्स पार्टी आणि स्पर्धांसोबत एक बैठक या विषयावर घ्या. सात-आठ निकषांचा एक कागद तयार करा आणि प्राचार्यांसमोर ठेवा. त्यात सीआयवर किती मुलांचा भार आहे, हेही लिहा. म्हणजे ती तक्रार वाटणार नाही.

नर्सिंगला नसाल तरी हे तुमच्या कामाचं आहे. बीएडचा पाठ, फिजिओथेरपीची ओपीडी, आयटीआयचं वर्कशॉप, सीएची आर्टिकलशिप, कंपनीतली इंटर्नशिप, सगळीकडे कुणीतरी शेजारी उभं राहून शिकवणार असतं. त्या माणसाचं काम काय, हे लिहिलेलं आहे का, एकदा विचारून बघा.

आणि शेवटचं. आज बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांपैकी काही जण दोन-तीन वर्षांत स्वतः सीआय असतील. तुमच्यासमोर एखादी पहिल्या वर्षाची मुलगी कानात स्टेथोस्कोप घालून उभी असेल. तिला काही ऐकू येत नसेल आणि ती तुमच्याकडे बघत असेल. तिच्याजवळ जा, कफ स्वतःच्या दंडाला बांधा आणि तिला पुन्हा ऐकायला सांगा.